उसनी चौदा नंबर

संघात तिला सगळ्या तपासनीस म्हणत, आणि ते नाव तिने कमावलेलं होतं. एका मोठ्या गोदामाच्या दारात उभं राहून आत येणारा माल तपासायचा, हे तिचं काम. खोक्यावर चोवीस लिहिलंय म्हणजे आत चोवीसच असणार, असं मानणारी भाबडी माणसं जगात फार आहेत आणि त्यांच्याच जिवावर बाकीचे चैन करतात, असं तिचं ठाम मत होतं. ती खोकं उघडायची, मोजायची, एखादा नग हातात घेऊन उलटासुलटा करायची आणि मगच सही करायची. अकरा वर्षांत तिच्या सहीचा माल एकदाही कमी भरला नव्हता.

घरी सासूबाईंचा संशय सुनेवर आणि सुनेचा संशय जगावर, त्यामुळे त्या घरातून कधी सुईसुद्धा हरवली नव्हती. चांगल्या घरच्या बायका एका लंबगोल चेंडूसाठी एकमेकींना चिखलात लोळवतात, ही गोष्ट सुनेने रचलेली असणार आणि शनिवारची ही बया भलतीकडेच कुठेतरी जात असणार, असं सासूबाईंना पहिली दोन वर्षं वाटत होतं. एकदा त्या न सांगता मैदानावर येऊन बसल्या. सून तिघींच्या खाली दबलेली पाहिली आणि काही न बोलता घरी परतल्या. त्यानंतर त्यांनी विचारणं सोडलं. दर शनिवारी संध्याकाळी मात्र त्या तिचे गुडघे निरखून पाहायच्या आणि हळद गरम करायला ठेवायच्या.

रग्बीत तपासनीस नऊ नंबर होती. खेळाडूंचा ढीग पडतो, त्या ढिगाच्या तळातून चेंडू बाहेर येतो, तो उचलून कुणाकडे द्यायचा हे ठरवणारी ती नऊ नंबर. चेंडू पुढे फेकायचा नाही, मागेच द्यायचा, आणि पळत जाऊन समोरच्यांच्या रेषेपलीकडे टेकवला की पाच गुण. बाकी चौदाजणींनी कितीही हाडं झिजवली तरी शेवटी नऊ नंबरच्या मनात येईल तिकडे चेंडू जातो. माल कुठल्या कप्प्यात ठेवायचा हे ठरवण्यासारखंच हे काम, म्हणून तिला ते आवडत असे. खरं सांगायचं तर या जगात तिला तेवढंच एक काम मनापासून आवडत होतं.

त्या शनिवारी पहाटे साडेचारला गाडी निघाली तेव्हा गाडीत चौदाजणी होत्या. असायला पाहिजे होत्या पंधरा. पंधरावी, म्हणजे उजव्या कडेला पळणारी चौदा नंबर, सायकलवरून टपाल वाटायची, आणि रोजच्या त्या सायकलीमुळे तिच्या पायांत वारं भरलेलं होतं. पण सामना पाच तासांवर, जाऊन-येऊन अख्खा दिवस, आणि साहेबाने सुट्टी दिली नाही. तिने चार वाजता फोन करून रडत रडत कळवलं. तिच्या वाटचे गाडीभाड्याचे पैसे आधीच भरलेले होते, त्यामुळे तिची सीट रिकामी असली तरी फुकट नव्हती.

या खेळात कुणी कुणाला पैसे देत नाही, हे इथे सांगायला हवं. उलट खेळायला मिळावं म्हणून खेळणारीच पदरमोड करते. बूट तिचे, दातांवरची पट्टी तिची, गुडघ्याला बांधायचं कापड तिचं आणि गाडीभाड्यातला वाटाही तिचाच. कप्तानला सगळ्या लांबी म्हणत, कारण दारातून जाताना तिला वाकावं लागे. ती रुग्णालयात नर्स होती आणि एका शनिवारच्या बदल्यात दोन रात्रपाळ्या अंगावर घेत असे. पुढच्या फळीतल्या जिला सगळ्या भिंत म्हणत, तिचं इस्त्रीचं दुकान होतं, आणि शनिवार म्हणजे आठवड्यातला सगळ्यात गिऱ्हाइकाचा दिवस. ती दुकानाला कुलूप लावून यायची आणि वाटेत कुणी सुरकुतलेला सदरा घातलेला दिसला की उसासा टाकायची. कोचबाई निवृत्त व्यायामशिक्षिका होत्या. त्यांना पगार नव्हता, पण आवाज होता.

आजचा सामना सगळ्यांच्या उरावर बसला होता. पुढच्या वर्षी गट नव्याने पाडणार होते. पहिले चार संघ जवळच्या गटात, म्हणजे सकाळी निघून दुपारी घरी. बाकीचे लांबच्या गटात, आणि तिथला जवळातला जवळचा सामना नऊ तासांवर, म्हणजे दोन दिवस, मुक्काम, दोन दिवसांचं खाणं आणि दोन दिवसांच्या रजा. तपासनीसचा संघ पाचवा होता आणि आजचा यजमान संघ दुसरा. आज जिंकलो तर चौथे. हरलो तर लांबीने आधीच सांगून ठेवलं होतं की उगाच ओढाताण करायची नाही, संघ बंद करायचा. हे ऐकल्यापासून तपासनीसला नीट झोप लागली नव्हती. शनिवार गेला तर उरलेल्या सहा दिवसांचं करायचं काय, हे तिला खरोखरच कळत नव्हतं.

मैदानावर पोचल्या तेव्हा ऊन वर आलं होतं आणि सगळ्यांचे पाय आखडले होते. रात्री पाऊस झालेला, कडेला चिखल होता. कोचबाई यजमानांच्या चष्मेवाल्या कोचकडे गेल्या. एक खेळाडू कमी आहे असं त्यांनी सांगितलं, आणि चष्मेवालीने मान डोलावून लगेच एकीला हाक मारली.

हा बायकांच्या रग्बीतला रिवाज आहे. पाहुणे कमी आले तर यजमानांनी आपल्यातली एक उसनी द्यायची. लांबून आलेल्या माणसांना कमी खेळाडूंनिशी खेळवणं कुणालाच बरं वाटत नाही, आणि आज त्यांची गाडी अर्धी आली तर उद्या आपलीही येऊ शकते, हे सगळ्यांना माहीत असतं. उसनी दिलेली बाई पाहुण्यांची जर्सी घालते आणि ऐंशी मिनिटं आपल्याच मैत्रिणींना आडवं पाडते. सामना संपला की जर्सी परत, आणि सगळ्या एका टेबलावर जेवतात. वर्षानुवर्षं हे चाललेलं होतं आणि त्यावर कुणी कधी ब्र काढला नव्हता.

पण आज तपासनीसच्या मनात पाल चुकचुकली. चष्मेवालीने इतक्या पटकन बाई दिली कशी? धंद्यातला तिचा अनुभव असा की जो व्यापारी मागितल्याबरोबर हसत माल काढून देतो, त्याच्या मालाला खालून बुरशी आलेली असते. आज आपण जिंकलो तर यांचा दुसरा नंबर जातो, हे त्यांना कळत नसेल? आणि कळत असेल तर चांगली बाई कशाला देतील?

उसनी पुढे आली. तिशीच्या आतबाहेरची, काटक बांध्याची, हात लालसर आणि बोटांची टोकं सुरकुतलेली. तिने चौदा नंबरची जर्सी घेतली, आधी वास घेतला, मग घातली. आणि घातल्या घातल्या तपासनीसकडे वळून विचारलं की तुमचे इशारे कुठले.

आता, ज्या बाईला संघात खेळायचंय तिला इशारे विचारावेच लागणार, एवढं तर शेंबडं पोरही सांगेल. पण संशयाला अक्कल कुठे असते? तपासनीसला वाटलं, आली, खोक्यात हात घालायला आली. त्यांच्या संघाचे इशारे घरगुती होते. ‘कुकर’ म्हणजे डावीकडे, ‘इस्त्री’ म्हणजे भिंतीने मधूनच मुसंडी मारायची, आणि ‘पोस्ट’ म्हणजे चेंडू थेट उजव्या कडेला चौदा नंबरकडे पाठवायचा. हा शेवटचा इशारा टपालवालीच्या नावाने पडलेला आणि सगळ्यात हुकमी होता. तपासनीसने पहिले दोन सांगितले आणि तिसरा हातचा राखून ठेवला.

“एवढेच?” उसनीने विचारलं.

“एवढेच. आमचा साधा कारभार आहे,” तपासनीस म्हणाली.

सामना सुरू व्हायच्या आधी तिने आणखी एक गोष्ट पाहिली. कुंपणाजवळ यजमानांची कप्तान उसनीच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी सांगत होती, उसनीने दोनदा मान हलवली आणि दोघी हसल्या. तपासनीसला झालं, आणखी काय पुरावा हवा? तिने लांबीला गाठलं. लांबी बुटांच्या नाड्या बांधत होती. तिने वर न बघता सांगितलं की तुला देवाने दोन डोळे दिलेत ते चेंडूवर ठेव. मग तपासनीसने भिंतीला सांगितलं. भिंत मनाने भोळी, तिच्या कानात जे जाईल ते थेट पोटात जायचं. भिंतीने दुसऱ्या फळीतल्या दोघींना सांगितलं, आणि नाणं उडवेपर्यंत निम्म्या संघाला ठाऊक झालं होतं की कडेला उभी आहे ती घरभेदी आहे.

पहिल्या दहा मिनिटांतच उसनीने संशयाला खतपाणी घातलं. यजमानांची एक जाडजूड मुलगी चेंडू काखेत मारून उजव्या कडेने निघाली. उसनी आडवी आली, तिचा पाय चिखलात घसरला आणि मुलगी तिच्या अंगावरून जाऊन पलीकडे चेंडू टेकवून मोकळी झाली. वर खांबांमधून मारलेल्या लाथेचे दोन गुण धरून सात-शून्य. भिंतीने तपासनीसकडे पाहिलं आणि तपासनीसने भुवई उंचावली. बोलायची गरजच नव्हती.

त्यानंतर लांबी ‘पोस्ट’ म्हणून ओरडली तेव्हा तपासनीसने चेंडू अलीकडच्या मुलीला दिला आणि ती जागच्या जागी दबली गेली. लांबीला वाटलं ऐकू गेलं नसेल. मग ‘कुकर’चा इशारा झाला, डावीकडून चेंडू पळाला आणि पाच गुण मिळाले. मध्यंतराला सात-पाच होतं. सगळ्या केळी खात बसल्या, आणि उसनी थोडी बाजूला उभी राहून बुटातला चिखल काडीने काढत होती. तिला कुणी केळं दिलं नाही. हे मुद्दाम झालं नव्हतं, आणि मुद्दाम न होताच झालं हेच वाईट.

दुसऱ्या डावात उसनीने आपल्याच कप्तानला, मघाशी खांद्यावर हात ठेवणारीला, असं काही कमरेत धरून आडवं केलं की प्रेक्षकांतल्या आठ-दहा लोकांनीही टाळ्या वाजवल्या. दुसरी कुणी असती तर तिच्या मनातलं किल्मिष तिथल्या तिथे गळून पडलं असतं. तपासनीसने विचार केला की ही आपल्या डोळ्यांत धूळफेक आहे. घसरली ती घरभेदी म्हणून, आणि पाडलं तेही घरभेदी म्हणूनच. संशयाचं पोट मोठं असतं, त्याला काहीही वाढा, पचतं.

यजमानांनी आणखी पाच मिळवले, यांनीही पाच मिळवले. बारा-दहा झालं. लांबी आणखी दोनदा ‘पोस्ट’ म्हणून ओरडली आणि दोन्ही वेळा तपासनीसला पुन्हा ‘ऐकू आलं नाही’. दुसऱ्या वेळी लांबीने तिच्याकडे रोखून पाहिलं, पण रग्बीच्या मैदानात सविस्तर विचारपूस करायला कुणाला वेळ नसतो.

मग वेळ संपत आली. पंचांनी सांगितलं की आता चेंडू थांबला की सामना संपला. भिंतीने आणि दुसऱ्या फळीने ढकलत ढकलत समोरच्यांच्या रेषेपासून पंधरा पावलांवर चेंडू आणला होता. ढीग पडला. यजमानांच्या जवळजवळ सगळ्या जणी ढिगाकडे आणि डाव्या अंगाला धावल्या, कारण दिवसभर यांचा चेंडू डावीकडेच गेला होता. लांबी ढिगाच्या तळाशी होती, तिला ओरडता येणं शक्यच नव्हतं. तपासनीसने चेंडूवर हात ठेवला आणि मान वर केली.

उजवीकडे मैदान रिकामं होतं. रिकामं म्हणजे चिखल, पलीकडे रेषा आणि दोन्हींच्या मध्ये काहीही नाही. आणि थोड्या मागे उसनी उभी होती, हात वर करून. तिच्यासमोर एकही बाई नव्हती. एक साधा पास, पंधरा पावलं पळायचं, टेकवायचा, सामना खिशात. तपासनीसने हे सगळं स्वच्छ पाहिलं. पुढे कितीतरी दिवस तिने स्वतःला समजवायचा प्रयत्न केला की घाम डोळ्यांत गेला होता, पण गेला नव्हता.

“पोस्ट!” उसनी ओरडली. “पोस्ट! पोस्ट!”

तो शब्द तपासनीसने सांगितलाच नव्हता. मग हिला कळला कसा? कुणी फोडला? आणि हिच्यासमोर कुणीच का नाही? आपल्याच बाईला कोण अडवणार, मुद्दाम मोकळी सोडली असणार, चेंडू हातात पडला की ही तो खाली टाकेल आणि हसत घरी जाईल. हे सगळं डोक्यातून जायला एक श्वाससुद्धा लागला नाही. तिने तोंड फिरवलं, “इस्त्री!” म्हणाली आणि चेंडू डावीकडे भिंतीच्या पोटात दिला.

भिंत गेली. चौघींवर एकटी गेली, दोघींना घेऊन आणखी दोन पावलं गेली, आणि तिसरीच्या खांद्यावर आपटून चेंडू तिच्या हातून सुटला. शिट्टी वाजली. भिंत तिथेच चिखलात बसली आणि दोन्ही तळहातांकडे पाहत राहिली.

जेवण यजमानांचं होतं. मैदानाच्या मागच्या लांबट खोलीत सूप होतं, पाव होता, उकडलेली अंडी होती. हरलेल्यांच्या घशाखाली काही उतरत नव्हतं, पण पाच तासांचा रस्ता पुढे होता आणि वाटेत खायला थांबायचं म्हणजे वेगळा खर्च, म्हणून सगळ्या निमूटपणे खात होत्या. भिंत खात नव्हती. ती प्रत्येकीला जाऊन सांगत होती की चेंडू हातात होता गं, सुटला, कसा सुटला कळलं नाही. लांबीने तिला जवळ घेतलं.

तपासनीस जर्स्या मोजत होती. ते कामही तिचंच. एक जर्सी गेली की दुसरी शिवून घ्यायला दोन सामन्यांच्या गाडीभाड्याइतके पैसे जात. तिने दोनदा मोजल्या आणि दोन्ही वेळा एक कमी भरली. चौदा नंबर नव्हती.

तिला राग आला, आणि खरं म्हणजे थोडं बरंही वाटलं. म्हणजे आपलं चुकलं नव्हतं. सामना नेला तो नेला, वर जर्सीही लांबवली. ती तरातरा बाहेर आली, कपडे बदलायच्या खोलीत पाहिलं, मागच्या व्हरांड्यात पाहिलं. व्हरांड्याच्या टोकाला नळाखाली सिमेंटचं कुंड होतं, आणि तिथे उसनी पाठमोरी वाकून उभी होती. चौदा नंबरची जर्सी कुंडात होती. ती दोन्ही हातांनी कापड कापडावर चोळत होती आणि पाणी तांबडं वाहत होतं.

“आमची जर्सी,” तपासनीस म्हणाली.

“झालीच,” उसनी वळून म्हणाली. “माती वाळली की डाग धरते. आणि पाच तास बंद गाडीत ओला चिखल म्हणजे वासाने जीव जाईल तुमचा. मी हॉटेलच्या धुलाईघरात असते, मला सवय आहे.”

तपासनीसने जे विचारायचं ठरवलं होतं तेच विचारलं, फक्त आवाज ठरवला होता तेवढा चढा निघाला नाही. ‘पोस्ट’ तुला कुणी सांगितलं, असं तिने विचारलं. उसनीला प्रश्नच नीट कळला नाही. ती म्हणाली की सांगायला कशाला हवं, तुमची ती उंच कप्तान तीनदा ओरडली आणि तीनही वेळा माझ्याकडे बघून ओरडली, तिसऱ्यांदा लक्षात आलं. मग तपासनीसने कुंपणाजवळचं विचारलं. उसनी हसली. तिची कप्तान म्हणाली होती, आमच्यावर दया दाखवलीस तर सोमवारी सरावाला तोंड दाखवू नकोस.

उसनीने जर्सी पिळली. पिळताना ती बोलत राहिली, काही मोठं सांगतेय असं न दाखवता. तिच्या संघाची गाडी सोळा सीटची होती आणि तिचा नंबर एकोणिसावा. मोठी गाडी परवडत नाही, म्हणून बाहेरच्या सामन्यांना ती कधीच जात नाही. घरच्या सामन्यांना बाकावर बसते. वर्गणी मात्र दोन वर्षं पूर्ण भरतेय.

“पाहुण्यांची गाडी कमी भरली की मग मला खेळायला मिळतं,” ती म्हणाली. “घरच्या प्रत्येक सामन्याला मी इथे दारात उभी राहून तुमच्यासारख्यांच्या गाडीतून उतरणाऱ्या मोजत असते. चौदा उतरल्या की जीव भांड्यात पडतो. वाईट आहे ना?”

मोजणं काय असतं हे तपासनीसला कळत होतं.

उसनीने जर्सी झटकली, घडी घातली, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली आणि तिच्या हातात दिली. मग जरा थांबून, पिशवीकडेच बघत म्हणाली, “मी मोकळी होते, ताई. तुम्ही बघितलं ना? मला वाटलं तुम्ही बघितलं.”

तेवढ्यात गाडीचा हॉर्न वाजला. उशीर झाला की गाडीवाले काका जास्तीचं भाडं लावत. तपासनीस “निघते” म्हणाली आणि निघाली.

गाडी मोठ्या रस्त्याला लागली तेव्हा ऊन कलायला आलं होतं. पुढच्या वर्षीचं कुणी बोलत नव्हतं, कारण पुढचं वर्ष नव्हतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. कोचबाई पुढच्या सीटवर डोळे मिटून बसल्या होत्या. भिंत तपासनीसच्या शेजारी बसली होती आणि अजून आपल्या तळहातांकडे पाहत होती. तपासनीसच्या मांडीवर पिशवी होती आणि पिशवीचा गारवा तिच्या कपड्यांतून आत येत होता.

तासाभराने दुसऱ्या फळीतल्या एकीने तोंड उघडलं. तिचं म्हणणं असं की भिंतीचा काही दोष नाही, ती उसनीच खरं कारण. दुसरीने री ओढली. पहिल्याच धडकेला मुद्दाम पडली ती, आपल्या नऊ नंबरने आधीच सांगितलं होतं. तिसरी म्हणाली की शेवटी ती जागेवरसुद्धा नव्हती, नाहीतर तपासनीसने चेंडू तिला दिला नसता का? मग सगळ्यांनाच कंठ फुटला. हे उसन्या खेळाडूंचं लफडं एकदाचं बंद झालं पाहिजे, लेखी तक्रार करायला पाहिजे, त्या बाईवर बंदी आली पाहिजे. भिंतीने पहिल्यांदाच मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर किंचित रंग आला होता. दोष दुसऱ्याचा निघतोय म्हटल्यावर कुणालाही येतोच.

“होय ना गं?” तिने तपासनीसला विचारलं. “ती नव्हतीच ना तिथे?”

एक “हो” म्हटलं असतं तर निभावलं असतं. गाडीतल्या तेराजणींना तेच ऐकायचं होतं. सगळी भुसभुशीत माती सकाळी तिनेच टाकली होती आणि आता तिच्याच डोळ्यांदेखत तीत झाड उगवलं होतं. तपासनीसने पिशवीकडे पाहिलं. सही करायच्या आधी खोकं उघडायचं, हा तिचा अकरा वर्षांचा नेम होता. आज तिने खोकं न उघडताच माल परत पाठवला होता.

“होती,” ती म्हणाली. “तिथेच होती. मोकळी होती. समोर कुणी नव्हतं. मी पाहिलं होतं.”

लांबी पुढच्या सीटवरून वळली.

“पाहिलं होतंस?”

“पाहिलं होतं. ‘पोस्ट’ म्हणून तुझी हाक तीनदा ऐकली होती, तरी चेंडू तिला दिला नाही. हा इशारा तिला मी सांगितलाच नव्हता. आणि सकाळी जे बोलले ते सगळं माझ्या मनचं होतं.”

रुग्णालयात वाईट बातमी सांगायची आणि ऐकायची लांबीला सवय होती, त्यामुळे ती ओरडली नाही. “बरं,” एवढंच म्हणाली आणि पुन्हा पुढे तोंड करून बसली. कोचबाईंनी डोळे उघडले होते, ते त्यांनी परत मिटले.

भिंतीने तळहात मांडीवर पालथे ठेवले, मग ती उठली आणि सीटांच्या पाठी धरत धरत मागे जाऊन टपालवालीच्या रिकाम्या सीटवर बसली.

घर अजून चार तासांवर होतं. तपासनीसने पिशवीतून जर्सी काढली, झटकली आणि वाळावी म्हणून शेजारच्या मोकळ्या जागेवर नीट पसरून ठेवली, आकडा वर करून.